विणाई खात्याचे दार आणि आयटी पार्कचे गेट

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघाले की कुंभारी लागते. 2006 साली येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार भगिनींना हक्काची घरे मिळाली. 19 जानेवारी 2024 रोजी रे नगरातील पंधरा हजार घरे पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. डोक्यावर छप्पर आले, हे लढ्याचे यश आहे. पण तेंदूच्या पानावर कात्री चालवून ज्या आईने पोराला इंजिनिअर केले, त्या पोराने जायचे कुठे? रात्रीची गाडी पकडून पुण्याला, हिंजवडीला. म्हणूनच 2025 साली मुख्यमंत्र्यांनी सोलापुरात आयटी पार्कची घोषणा केली तेव्हा आमची पोरे आनंदली. आनंद रास्तच आहे. परंतु त्या गेटातून आत कोण जाणार, हे आजच विचारले पाहिजे.

आयटी उद्योग म्हणजे काही हुशार माणसांनी स्वतःच्या बुद्धीवर उभे केलेले साम्राज्य, अशी समजूत प्रस्थापितांनी पद्धतशीरपणे रुजवली आहे. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीच्या चिपचे पहिले मोठे गिऱ्हाईक तेथील लष्कर आणि चांद्रमोहीम, म्हणजे सरकारी तिजोरीच होती. पुण्यात 1988 साली सी-डॅक सरकारने काढली. 1991 सालचा परम महासंगणक तिथलाच. हिंजवडीची जमीन औद्योगिक विकास महामंडळाने संपादन केली. तेथे आधी साखर कारखाना होणार होता, त्याच्या भूमिपूजनाला गेलो असता आयटी पार्कचा निर्णय केला, असे शरद पवार जाहीरपणे सांगत आले आहेत. पुढे राज्याच्या आयटी धोरणांनी मुद्रांक शुल्कात सूट दिली, जादा चटईक्षेत्र दिले. केंद्राने सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावरचा आयकर 2011 पर्यंत माफ केला. काडीपेटी घेतानाही कर भरणाऱ्या विडीवालीचा पैसा यात नाही काय? पण आरक्षणाचा शब्द काढला की हेच लोक म्हणतात, आम्ही खाजगी!

हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्याही खाजगीच होत्या. तेथे विणाई खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्याला त्या खात्याचे दार बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालकाला कापडाशी मतलब, आणि युनियनवाले वर्गाची भाषा बोलत, तरी हे दार कोणी उघडेना. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संप समितीपुढे रेटला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

आज धोटा नाही, पण चाळणी आहे. आतल्या माणसाने आपल्या ओळखीचा माणूस सुचवायचा, त्याला बक्षीसही मिळते. आता आतल्याची ओळख कोणाशी असणार? त्याच्याच सोसायटीतल्यांशी, त्याच्याच नात्यातल्यांशी. माझ्या परिचयातील एका मुलाला पुण्यातील एका कंपनीत मुलाखतीच्या शेवटी प्रथम पूर्ण आडनाव आणि मग वडिलांचा धंदा विचारला गेला. संगणकाला कोणाच्या वडिलांचा धंदा लागतो? महिला किती, दिव्यांग किती हे मोठ्या कंपन्या वार्षिक अहवालात छापतात. जातीचा रकाना मात्र नाही. कंपनीची झाडलोट आणि शौचालये ठेकेदाराकडे. ती कोण साफ करते, हे कळायला अहवाल लागत नाही.

ही हवा सातासमुद्रापारही गेली. 2020 साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले, आणि ज्या दोन वरिष्ठांना प्रतिवादी केले होते त्यांच्यावरील दावा 2023 साली मागे घेण्यात आला. पण त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. तिकडे जात हा शब्द कायद्यात येतो, आणि येथे मेरिटवाल्यांना तो ऐकूही येत नाही.

आता मुद्द्याचे. महाराष्ट्राचा आरक्षण कायदा 29 जानेवारी 2004 पासून लागू आहे. त्यात सरकारी मदत म्हणजे केवळ अनुदान नव्हे, तर सवलतीच्या दराने दिलेली जमीन आणि इतर आर्थिक सवलतीही, असे स्पष्ट लिहिले आहे. अशी मदत देताना किंवा कराराचे नूतनीकरण करताना आरक्षण पाळण्याची अट शासनाने करारात घालायची आहे. आमचे किती आमदार हे कलम वाचून सभागृहात उभे राहिले? आपल्याच पुढाऱ्यांना हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण विचारावा लागेल. उद्योगपती स्वेच्छेने करतील म्हणून 2006 सालापासून आचारसंहितेच्या गोष्टी ऐकत आलो आहोत; स्वेच्छेने तर विणाई खात्याचे दारही उघडले नव्हते.

हिंजवडीचे करार झाले तेव्हा आपण गाफील होतो. सोलापूरच्या पार्कात कंपन्यांना जागा देताना ही अट करारात असेल काय, हे कुंभारीच्या आणि सोलापूरच्या तरुणांनी औद्योगिक विकास महामंडळाला लेखी विचारावे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.