मस्करीची कुस्करी

आग्रा-मुंबई रस्त्यावरील मानपुरास सायंकाळी चहाच्या टपरीपाशी क्षणभर उभे राहावे. शेतावरून परतलेले मित्र एकमेकांस खऱ्या नावाने हाक मारतील तर शपथ! कोणी लंबू, कोणी शेठ (याच्या खिशात दमडी नसते), कोणी टेपा. टेपा म्हणजे माळव्याच्या बोलीत भोळसट. हा शब्द इकडे इतका प्रिय, की उज्जैनीस १ एप्रिलला ‘टेपा संमेलन’ नावाचा हास्याचा मेळाच भरत आला आहे.

परक्याने टेपा म्हटले तर आपण बाह्या सरसावतो. मित्राने म्हटले तर हसतो. त्या शब्दामागे अनेक वर्षांचा विश्वास उभा असतो. उलट, नेहमी चिडविणारा मित्र एकाएकी आदराने बोलू लागला, की मनात पाल चुकचुकते : हा रागावला तर नाही ना?

टोपणनावे प्रभू येशूनेही ठेविली. याकोब व योहान या भावांस त्याने ‘बोआनेर्गेस’, म्हणजे गर्जनेचे पुत्र, असे म्हटल्याचे संत मार्क सांगतो. शोमरोनी गावाने आसरा नाकारताच स्वर्गातून अग्नी पाडण्याची भाषा करणारे हेच दोघे! हे नाव देताना प्रभूच्या मुखावर स्मित असावे, असे आम्हांस वाटते.

संत थॉमस अक्वायनस विद्यार्थी असता अंगाने स्थूल व अबोल होता. सोबती त्यास ‘मुका बैल’ म्हणत. गुरू संत आल्बर्ट यांनी मात्र सांगितले, की या बैलाचा हंबरडा एके दिवशी जगभर ऐकू जाईल. आणखी एक आख्यायिका आहे. बैल उडत चालला आहे, अशी सोबत्यांनी हूल उठविली. थॉमस खिडकीशी धावला, आणि सारे हसले. तो शांतपणे म्हणाला, मठवासी खोटे बोलेल यापेक्षा बैल उडेल, हेच मला अधिक संभवनीय वाटले.

याच थॉमसने पुढे लिहिले, की जो स्वतः कधी विनोद करीत नाही व इतरांचाही रसभंग करितो, तोही दोषी आहे. पण दुसऱ्याचे व्यंग तुच्छ लेखून त्यास लाजविणे हे त्याने पाप गणिले. आईबापांची टर उडविणे तर अधिकच गंभीर.

आपल्या मराठीसही ही पायरी ठाऊक आहे. थट्टा, मस्करी, टिंगल, कुचेष्टा : एकेक शब्दागणिक हसणाऱ्यांची संख्या तीच राहते, पण ज्याच्यावर हसावयाचे तो त्यांतून निसटत जातो. शेठ म्हटल्यावर रिकामा खिसा दाखवून हसणारा, घरी खरोखरच दाणा नसेल त्या दिवशी हसेल काय? बोलताना अडखळणाऱ्या मुलाची नक्कल पहिल्यांदा तोही सहन करितो. चारचौघांत, बहिणीच्या सासरच्यांसमोर केली, म्हणजे त्याच्या काळजाचे पाणी होते. शेजाऱ्यास फसवून वर ‘मी थट्टा केली’ म्हणणाऱ्यास नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात जळती कोलिते फेकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे. गवताच्या गंज्या पाहिलेल्या शेतकऱ्यास ती समजावून सांगणे नको.

चिडणारा मित्र अजून मित्रच असतो. त्याची समजूत पाठीवर एक थाप मारून निघते. चिंता करावी ती मुकाट्याने हसून उठून गेलेल्याची. असा कोणी आठवडाभर टपरीवर फिरकला नसेल, तर आज सायंकाळीच त्याच्या दाराशी जावे, आणि त्यास त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारावी.