लांकडांतील सिंह

'सिंहासन' हा शब्द आपण नित्य उच्चारतों. पण त्यांतला सिंह क्वचितच आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. प्राचीन मिसर देशांतील सुतारांनीं मात्र तो आसनाखालीं खरोखरीच उभा केला होता.

तेथील पलंग व खुर्च्या नीट न्याहाळल्या तर मौज वाटते. पुढचे दोन खूर सिंहाच्या पुढच्या पायांसारखे, मागचे दोन मागच्या पायांसारखे, आणि चारही पंजे एकाच दिशेस वळलेले! जणूं कांहीं तें आसन आतां चालूंच लागणार. अगदीं आरंभीच्या काळीं हे पाय बैलाचे असत. पुढें सिंहानें त्यांची जागा घेतली. घडीच्या आसनांच्या पायांस बदकांचीं मुंडकीं आढळतात. देशांत चांगलें लांकूड थोडें. म्हणून देवदार लेबनॉनहून व आबनूस दक्षिणेकडून आणीत.

हा नुसता शोभेचा हव्यास नव्हता. निद्रिस्त मनुष्य असहाय असतो. त्यास राखणदार हवा. म्हणूनच बेस नांवाचा, सिंहासारखी आयाळ असलेला बुटका देव पलंगावर कोरीत. बाळंतीण व मुलें यांचा तो रक्षक मानला जाई.

1925 सालीं गीझा येथें खूफू राजाची माता हेतेफेरेस हिचें सामान सांपडलें. सुमारें साडेचार हजार वर्षांत लांकडाची माती झाली होती. उरला होता तो सोन्याचा पत्रा. जॉर्ज रायस्नर यांच्या मंडळींनीं तुकड्यातुकड्याची जागा टिपून ठेविली, आणि त्या आधारें सिंहाच्या पायांचा पलंग पुन्हा उभा राहिला. एवढ्या चिकाटीपुढें आम्ही तरी नतमस्तक होतों.

हॉवर्ड कार्टर यांना 1922 सालीं सांपडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यांत सिंहमुखांचें सुवर्णसिंहासन होतें. सिंहीण, गाय व पाणघोडा यांच्या मुखांचे तीन भव्य पलंगही होते. परंतु आमचें मन गुंतलें तें एका चिमुकल्या खुर्चीपाशीं. आबनुसाची, हस्तिदंत जडविलेली ही खुर्ची लहान मुलाच्याच मापाची आहे, आणि तिलाही सिंहाचे पंजे आहेत! हा राजा सुमारें नवव्या वर्षीं गादीवर आला व विशीच्या आंतच वारला. खुर्ची मात्र त्याच्याबरोबर जपून ठेविली गेली.

मुलें मोठीं झालीं तरी पाळणा माळ्यावर जपणाऱ्या घरांस याचें मर्म निराळें सांगावयास नको. त्या अनामिक सुतारानें कोरलेले चिमुकले सिंह आजही आपली राखण सोडून गेलेले नाहींत.