एकाच आकड्याची दोन काडतुसे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला जाणारी माणसे घरोघरी आहेत. त्यामुळे तिथल्या एखाद्या वर्गात हा प्रश्न सहज निघू शकतो: एस.एल.आर. रायफलवर ७.६२ मि.मी. असा आकडा असतो आणि एके-४७ चा आकडाही ७.६२ मि.मी.च, मग एकीचे काडतूस दुसरीत चालेल का?

चालणार नाही. पण ते का, हे समजून घेताना आकड्यांवरचा आपला विश्वास थोडा सैल होतो.

आपण बोलताना ज्याला 'गोळी' म्हणतो ते खरे तर काडतूस असते. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. नळीच्या मागच्या टोकाला ज्या पोकळीत हे काडतूस जाऊन बसते, तिला चेंबर म्हणतात. गोळी पुढे जाते आणि पुंगळी चेंबरमध्येच राहते.

आता ७.६२ म्हणजे नेमके काय? रायफलच्या नळीत आतून पिळाचे खोबण असतात. दोन खोबणांमधल्या उंचवट्यांच्या पातळीवर मोजलेला नळीचा व्यास म्हणजे ७.६२ मि.मी. गोळी त्याहून जाड असते, म्हणून ती पिळात रुतते आणि फिरत बाहेर पडते. एस.एल.आर.ची गोळी प्रत्यक्षात ७.८२ मि.मी.ची असते, तर एके-४७ ची ७.९ च्या आसपास. म्हणजे रायफलवरचा आकडा गोळीची जाडी सांगत नाही, चेंबरचा आकार तर मुळीच सांगत नाही. तो माप कमी आणि नाव जास्त आहे. पूर्ण नाव लिहायचे तर एकीचे ७.६२×५१ आणि दुसरीचे ७.६२×३९. गुणाकाराच्या चिन्हापुढचा आकडा पुंगळीची लांबी दाखवतो. दोन्हींत १२ मि.मी.चा फरक आहे आणि सगळा धोका या १२ मि.मी.त साठलेला आहे.

तो समजायला पितळेकडे वळावे लागेल. अंबरनाथचा कारखाना अशाच धातुकामाचा. पुंगळी तयार होते ती पितळेच्या छोट्या वाटीपासून. कारखान्यात तिला 'कप' म्हणतात. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असे हे पितळ टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि मधूनमधून तापवून मऊ करतात. बूड जाड आणि कठीण राहते, तोंडाकडची भिंत मिलिमीटरहूनही पातळ होते.

घरच्या प्रेशर कुकरात बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाइतका दाब जास्त असतो. रायफलच्या चेंबरमध्ये क्षणभर तीन ते चार हजार वातावरणांचा दाब निर्माण होतो. इतका दाब पितळेची पातळ भिंत सोसू शकेल का? शक्यच नाही. ती फुगते, चेंबरच्या पोलादी भिंतीला टेकते आणि भार पोलादावर जातो. पितळ कुकरच्या रबरी रिंगचे काम करते, फट बुजवते. दाब उतरला की ते स्थितिस्थापकतेमुळे किंचित आकसते, म्हणून रिकामी पुंगळी सुटून बाहेर येते.

३९ मि.मी.ची पुंगळी ५१ च्या चेंबरमध्ये गेली, तर तिच्या पुढच्या भागाला टेकायला भिंतच जवळ नसते. पितळ फुटते आणि तप्त वायू मिळेल त्या फटीतून मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात.

'आत गेले म्हणजे बसले' ही समजूत किती फसवी आहे, हे वर्गात दाखवता येते. उल्हासनगरच्याच काय, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून ८ मि.मी.चा नट आणि ५/१६ इंची बोल्ट आणा. व्यासात फरक जेमतेम ०.०६ मि.मी. नट एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडकतो, कारण आट्यांचे अंतर वेगळे आहे. बोल्टच्या बाबतीत आपण वाचतो, कारण तो अडकतो. काडतूस न अडकता आत गेले तर सावध करणारे काहीच उरत नाही.

याचे उत्तम उदाहरण बारा बोअरची बंदूक. अडीच इंची चेंबरच्या जुन्या बंदुकीत पावणेतीन इंची काडतूस आरामात बसते! कारण लांबी सांगितली जाते ती बार उडाल्यानंतरची. त्याआधी काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते आणि ते अडीच इंचांहूनही आखूड भरते. बार उडाला की दुमड उलगडते, पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणून बंदुकीवर बोअरच्या आकड्याशेजारी कोरलेली चेंबरची लांबी वाचायची असते.

दिसण्यावर तर मुळीच जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धात आजच्या उल्हासनगरच्या जागी लष्कराची मोठी छावणी होती. त्या काळची फौजेची रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. पुढे १९६० च्या दशकात पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने जवळजवळ त्याच रूपाची '२ए' रायफल ७.६२×५१ काडतुसासाठी बनवली, अधिक मजबूत पोलादाची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. कळतो तो बोल्टच्या मागे धातूवर ठोकलेल्या '७.६२ मि.मी.' या अक्षरांवरून. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी ५६ मि.मी. लांब आणि बुडाला बाहेर आलेली कड असलेली. ती २ए मध्ये पुरती शिरतच नाही. इथे निदान आकारच आडवा येतो.

काडतुसाच्या बुडावरही अक्षरे असतात. खडकीच्या कारखान्याची 'के एफ', वरणगावची 'ओ एफ व्ही', शिवाय वर्ष. हे वर्ष निरुपयोगी नाही, कारण आकडा जुळला तरी पितळ शाबूत हवे. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात याचा अनुभव आला. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकू लागल्या. हवामानाचा दोष समजून या प्रकाराला 'ऋतूची तडक' अशा अर्थाचे नाव पडले. १९२१ मध्ये खुलासा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामात पितळेत राहून गेलेला ताण या तिघांनी मिळून तडा पडत होता. उपाय साधा निघाला. पुंगळीची मान हलकेच तापवून तो ताण काढून टाकायचा. लष्करी काडतुसाच्या मानेभोवती निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या तापवण्याचा डाग आहे.