वाळवीच्या राणीला जन्मभर राजा का लागतो?

पावसाळ्याच्या तोंडाला दोन चांगल्या सरी पडल्या की बेळगाव-खानापूरपासून गोव्यापर्यंत संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. सकाळी पडवी झाडताना किडे कमी आणि गळलेले पंखच जास्त निघतात. लोक त्यांना सरसकट ‘पावसाळी किडे’ म्हणतात. पण यातले बरेचसे किडे म्हणजे वाळवीचे वयात आलेले नर आणि माद्या. दिव्याखाली पडलेली प्रत्येक मादी ही होऊ घातलेली राणी असते आणि प्रत्येक नर होऊ घातलेला राजा. बहुतेक जण पक्षी, पाली, बेडूक यांच्या तोंडी जातात. ज्या थोड्या जोड्या वाचतात, त्यांतून नवं वारूळ उभं राहतं.

इंदूर-ग्वाल्हेरकडे हिला दीमक म्हणतात, वडोदऱ्यात उधई, हैदराबादेत तेलुगू शेजारी चेदलु म्हणतो आणि बेळगावचा कानडी शेजारी गेद्दलु. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरीच्या अनेक देवळांत वारूळच देवी म्हणून पुजलं जातं. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते तेही मुळात नागाचं नसून वाळवीचं. नाग तिथं नंतर येऊन राहतो.

नावं अनेक असली तरी सगळीकडे समज मात्र एकच आहे. वारुळात एक राणी असते, ती मारली की वाळवी संपली. हा समज कितपत खरा आहे हे बघायचं तर राणीच्या पोटात काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

मुंगी नव्हे, झुरळाची भाऊबंद

वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत आहे, पण तिचं मुंगीशी नातं नाही. ती झुरळाच्या कुळातली. मुंग्या आणि मधमाश्यांमध्ये सगळ्या कामकरी माद्याच असतात. वाळवीच्या बहुतेक जातींत कामकरी आणि सैनिकही नर-मादी दोन्ही असतात. सगळ्यांत मोठा फरक म्हणजे वाळवीच्या घरात राणीबरोबर राजाही राहतो, एक-दोन दिवस नव्हे तर जन्मभर.

त्यांचं लग्नही हवेत लागत नाही. उडून जमिनीवर आल्यावर दोघं पंख झटकून टाकतात. मादी पुढे आणि नर तिच्या मागोमाग, असं चालत ती जागा शोधतात, मातीत किंवा लाकडात बिळ करतात आणि आतून तोंड बंद करून घेतात. मीलन होतं ते या बंद खोलीत. पहिली पिल्लं थोडीच असतात आणि ती राजा-राणी दोघं मिळून वाढवतात. उडण्याचे स्नायू आता लागत नाहीत. ते शरीरातच विरघळतात आणि त्यांतलं पोषण पहिल्या अंड्यांच्या कामी येतं.

पोट एवढं मोठं कशानं होतं?

कामकरी तयार झाले की राणीला खाऊ घालण्याचं, चाटून स्वच्छ ठेवण्याचं, अंडी उचलून नेण्याचं सगळं काम ते करतात. राणीकडे एकच काम उरतं, अंडी घालणं. आपल्याकडे वारुळं बांधणाऱ्या वाळवीची राणी माणसाच्या बोटाएवढी होते. आफ्रिकेतल्या काही मोठ्या जातींत ती 10 सेंटिमीटरपर्यंत जाते.

ही वाढ नीट बघितली तर वेगळीच आहे. राणीच्या पाठीवर तपकिरी आडव्या पट्ट्या दिसतात. त्या तिच्या मूळ कवचाच्या पट्ट्या. लग्नाच्या दिवशी त्या एकमेकींना चिकटून होत्या आणि आजही तेवढ्याच आकाराच्या आहेत. वाढलं आहे ते त्यांच्या मधलं मऊ, पांढरट कातडं.

आत जागा व्यापली आहे ती दोन अंडाशयांनी. प्रत्येक अंडाशय म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. प्रत्येक नळीत अंडी एकामागे एक तयार होत पुढे सरकतात. साध्या कीटकात अशा नळ्या मोजक्या असतात, वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या राणीत त्यांची संख्या प्रचंड वाढलेली असते. सगळ्या नळ्या मागे येऊन एका वाटेला मिळतात आणि तिथून अंडं बाहेर पडतं.

हेन्री स्मीथमन या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचा आफ्रिकेतल्या वाळवीवरचा लेख 1781 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात मिनिटाला 60 अंडी असा हिशेब धरून त्याने दिवसाला 80,000 च्या वरचा आकडा मांडला होता. आजचे अंदाज त्याहून कमी आहेत. तरी मोठ्या जातींत दिवसाला 20,000 च्या आसपास अंडी धरली जातात, आणि हे वर्षानुवर्षे चालतं. मग या सगळ्या अंड्यांना पुरतील एवढे शुक्राणू येतात कुठून?

मधमाशीची मुदत ठेव

उत्तरासाठी मधमाशीकडे जाऊ. मधमाशीची राणी तरुणपणी एक किंवा काही उड्डाणं करते आणि त्यात साधारण 10 ते 20 नरांशी मीलन होतं. नर तिथंच मरतात. राणीच्या पोटात शुक्राणू साठवायची गोल पिशवी असते, तिला शास्त्रीय भाषेत शुक्रधानी म्हणता येईल. तिच्यात 50 लाखांच्या आसपास शुक्राणू जमा होतात आणि दोन-चार वर्षं त्यावरच सगळं भागतं. परत मीलन नाही.

बँकेच्या भाषेत ही मुदत ठेव झाली. एकदा रक्कम भरली, आता फक्त काढत राहायची. ठेव संपली की राणीची अंडी फळत नाहीत आणि न फळलेल्या अंड्यातून मधमाशीत फक्त नर निघतात. मधपेट्या ठेवणाऱ्याला हे लगेच कळतं. पेटीत नुसते नर वाढायला लागले, म्हणजे राणी बदलायची वेळ झाली.

वाळवीचं चालू खातं

वाळवीच्या राणीलाही शुक्रधानी आहे. पोटाच्या मागच्या टोकाला, अंडं जिथून बाहेर पडतं त्या कोनाड्याच्या छतात ती उघडते. पण अवाढव्य पोटाच्या मानाने ही पिशवी अगदी लहान असते. अंडाशय फुगत जातात, पिशवी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे खर्च रोज हजारोंचा आणि तिजोरी मात्र छोटी.

हा हिशेब जुळतो तो राजामुळे. राजा होता तेवढाच राहतो, राणीच्या शेजारी किंवा तिच्या पोटाखाली दडलेला असतो. तो वेळोवेळी मीलन करून पिशवीत भर घालत राहतो. मधमाशीची मुदत ठेव, तर वाळवीचं चालू खातं. एकीकडून जमा, दुसरीकडून खर्च. म्हणूनच वारुळाच्या आत, मातीच्या टणक कोठडीत राणीबरोबर राजाही सापडतो. खणणाऱ्याचं लक्ष राणीच्या पोटाकडे असतं, त्यामुळे राजा बहुतेक वेळा कुणाच्या नजरेतच येत नाही.

वाळवीचे शुक्राणूही निराळे आहेत. शुक्राणू म्हटलं की शेपटी हलवत पोहणारा जीव डोळ्यांपुढे येतो. वाळवीच्या बहुतेक जातींत शुक्राणूला शेपटीच नाही, तो पोहत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातली मास्टोटर्मिस नावाची एक प्राचीन वळणाची वाळवी याला अपवाद. तिच्या एकेका शुक्राणूला 100 च्या आसपास शेपट्या असतात. हीच वाळवी आजही झुरळासारखी अंडी एकत्र चिकटवून पुंजक्यात घालते.

दार नसलेलं अंडं

अंड्याला कवच असतं आणि शुक्राणूला आत शिरायला त्या कवचात सूक्ष्म छिद्रं असतात. जपानमध्ये घरांच्या लाकडाला लागणाऱ्या एका वाळवीवर केंजी मात्सुउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. 2009 मध्ये त्यांनी दाखवलं की या जातीची मूळ राणी कामकरी, सैनिक आणि पंखवाली पिढी राजाच्या शुक्राणूंपासूनच तयार करते. पण आपल्या गादीवर बसणाऱ्या पुढच्या राण्या मात्र ती शुक्राणूशिवाय, एकटीच्या बळावर जन्माला घालते.

पिशवीत शुक्राणू असताना हे जमतं कसं? 2014 मध्ये त्याचं उत्तर मिळालं. राणी काही अंडी अशी घालते की त्यांच्या कवचाला छिद्रच नसतं. दारच नाही म्हटल्यावर शुक्राणू शिरणार कुठून? अशा अंड्यातून निघालेल्या मुलींमध्ये बापाचा अंश नसतो. त्यामुळे म्हातारी राणी गेल्यावर त्या तोच जुना राजा घेऊन संसार पुढे चालवतात, तरी बाप-लेकीच्या संबंधाने येणारे दोष वारुळात शिरत नाहीत. राणी बदलते, राजा मात्र बराच काळ तोच राहतो.

जपानमधल्याच दुसऱ्या एका लाकूडखाऊ जातीत गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. शिकोकू आणि क्युशू बेटांवर तिच्या काही वसाहतींत एकही नर नाही, हे 2018 मध्ये जाहीर झालं. खात्री कशी झाली? संशोधकांनी राण्यांच्या शुक्रधानी उघडून बघितल्या. त्या रिकाम्या होत्या. त्याच जातीच्या नर-मादी असलेल्या वसाहतींत मात्र राण्यांच्या पिशवीत शुक्राणू सापडले.

मग राणी मारली की काम झालं?

आता मूळ प्रश्नावर येऊ. घराला किंवा उसाला वाळवी लागली की वारूळ खणून राणी काढायची, ती दाखवायची आणि काम फत्ते समजायचं, अशी रीत अनेक गावांत आहे. ती अपुरी का पडते, याची कारणं वरच्या माहितीतच आहेत.

पहिलं म्हणजे, काही जातींत राणी गेल्यावर वसाहत खरंच ढासळते, पण सगळ्या जातींत नाही. जपानी वाळवीत राणीच्या अंगातून सुटणारा एक वास दुसऱ्या राण्या तयार होऊ देत नाही, हे 2010 मध्ये सिद्ध झालं. राणी गेली की तो ब्रेक निघतो. राजा जागेवर असेल आणि बदली राण्या तयार होऊ शकत असतील, तर खातं पुन्हा सुरू होतं. दुसरं, काही वारुळांत एकापेक्षा जास्त राण्या असतात, एक सापडली म्हणून सगळ्या सापडल्या असं नाही. तिसरं, घराला लागलेली वाळवी अंगणातल्या त्याच वारुळातून आली आहे कशावरून? तिचं घर जमिनीखाली असू शकतं, वर काहीच दिसत नाही.

म्हणून कीडनियंत्रणाचा आजचा भर राणी शोधण्यावर कमी आणि कामकऱ्यांवर जास्त आहे. इमारतींसाठी भारतीय मानक ‘आयएस 6313’ आहे. त्यात बांधकामापूर्वी आणि बांधकाम झाल्यावर जमिनीत व पायाभोवती औषधाची सलग भिंत कशी तयार करायची ते दिलं आहे. दुसरा मार्ग आमिषाचा. त्यातलं औषध लगेच मारत नाही, कात टाकण्यात अडथळा आणतं. वाळवी एकमेकींना तोंडातून खाऊ घालते, त्यामुळे ते वसाहतभर पसरतं. कामकरी संपले की राणीला भरवणारं कुणी उरत नाही. एवढं पोट घेऊन ती स्वतः अन्नापर्यंत जाऊ शकत नाही.

घरापुरतं सांगायचं तर चार गोष्टी पाळाव्यात. पंखवाले किडे उडायच्या संध्याकाळी खिडक्या लावून बाहेरचे दिवे थोडा वेळ बंद ठेवावेत. किडे घराच्या आतूनच, भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतून निघत असतील तर वसाहत घरात किंवा घराखालीच आहे असं समजून तपासणी करून घ्यावी. लाकूड, जुनी कागदपत्रं, दप्तरं थेट जमिनीला किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नयेत. शेतात कच्चं शेणखत टाकू नये, पुरतं कुजलेलं वापरावं. भिंतीवर मातीची नळी दिसली तर नुसती खरवडून रॉकेल फिरवण्यात अर्थ नाही, कामकरी शेजारून दुसरी नळी काढतात.

बांधावरचं, रानातलं प्रत्येक वारूळ फोडायची मात्र गरज नाही. पालापाचोळा कुजवून माती करण्याचं काम तिथं चालतं. गोव्यात पावसाळ्यात मोठ्या किमतीला विकली जाणारी रोयणी अळमीही याच वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीवर उगवते. जी वाळवी घराला किंवा पिकाला लागलेली नाही, ती आहे तिथं राहू द्यावी.