उपग्रहाला दिसलेले संकट गावापर्यंत केव्हा पोचणार?

उत्तर सिक्कीममध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० मीटर उंचीवर दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचे सरोवर आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजीच्या उपग्रह प्रतिमेत त्याचे क्षेत्र १६२.७ हेक्टर होते. २८ सप्टेंबरला ते १६७.४ हेक्टर झाले. ४ ऑक्टोबरच्या सकाळच्या प्रतिमेत मात्र अवघे ६०.३ हेक्टर उरले होते. आदल्या रात्रीच सरोवर फुटले होते. तिस्ता नदीला आलेल्या महापुरात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. चुंगथांग येथील १,२०० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे धरणही वाहून गेले.

ही आकडेवारी भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या (इस्रो) हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने प्रसिद्ध केली होती. उपग्रहाची नजर सरोवरावर होती, तरीही जीवितहानी टळली नाही. याचे कारण समजून घेण्यासाठी ही यंत्रणा कशी काम करते, हे पाहावे लागेल.

ढगांपलीकडची नजर

आपत्तीच्या निरीक्षणासाठी प्रामुख्याने दोन प्रकारचे उपग्रह वापरले जातात. पहिल्या प्रकारचे उपग्रह सूर्यप्रकाशात छायाचित्रे घेतात. ती सुस्पष्ट असतात. पण रात्री आणि ढगाळ हवेत या उपग्रहांचा उपयोग होत नाही. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह रडारच्या साह्याने स्वतःच लहरी पाठवून त्यांचे परावर्तन नोंदवितात. या लहरी ढगांना भेदून जातात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून त्या दुसरीकडे परावर्तित होत असल्याने प्रतिमेत पाणी काळे दिसते. दोन तारखांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या, की पूर कोठवर पसरला किंवा सरोवर किती वाढले, हे मोजता येते.

केरळमधील वायनाड येथे ३० जुलै २०२४ रोजी दरड कोसळल्यानंतर 'कार्टोसॅट-३' आणि 'रिसॅट' या दोन्ही प्रकारच्या भारतीय उपग्रहांचा उपयोग करण्यात आला. सुमारे ८६ हजार चौरस मीटर भूभाग घसरल्याचे आणि दगडमाती सुमारे ८ किलोमीटरपर्यंत वाहत गेल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

एका देशाचे उपग्रह अपुरे पडल्यास इतरांची मदत मिळते. व्हिएन्ना येथे १९९९ मध्ये झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक परिषदेनंतर युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांच्या पुढाकाराने त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. 'इस्रो' त्यात २००१ मध्ये सहभागी झाली. या करारानुसार आपद्‌ग्रस्त देशाला उपग्रह प्रतिमा विनामूल्य दिल्या जातात.

मर्यादा कोठे?

मात्र, भूभागाची तपशीलवार प्रतिमा घेणारा उपग्रह एकाच ठिकाणी थांबून राहत नाही. त्याच जागेवर तो काही दिवसांनीच परततो. 'इस्रो' आणि अमेरिकेच्या 'नासा'ने ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला 'निसार' हा अद्ययावत रडार उपग्रहही दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर येतो. दक्षिण ल्होनाकमध्ये ३ ऑक्टोबरच्या रात्री १० च्या सुमारास काठावरील गोठलेल्या हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, मोठा भाग पाण्यात कोसळला. त्यामुळे उसळलेल्या लाटेने सरोवराचा नैसर्गिक बांध फोडला आणि मध्यरात्रीच्या सुमारास लोंढा ६० किलोमीटरहून अधिक अंतरावरील चुंगथांगला पोचला. दोन प्रतिमांमधील काही दिवसांच्या खंडात जे दोन तास येतात, ते उपग्रहाच्या हाती नसतात.

उपग्रह देऊ शकतात ती दीर्घ मुदतीची सूचना, आणि ती येथे मिळालीही होती. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच उपग्रहांच्या माहितीवरून हे सरोवर फुटण्याचा धोका मोठा असल्याचे दाखवून दिले होते. २०१६ मध्ये नळ टाकून तेथील पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला. पुढील सात वर्षांत मात्र धोका टळेल इतके पाणी कमी झाले नाही.

असे हे एकच सरोवर नाही. 'इस्रो'ने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, हिमालयातील नद्यांच्या खोऱ्यांत दहा हेक्टरहून मोठी २,४३१ सरोवरे २०१६-१७ मध्ये आढळली. त्यांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीयरीत्या विस्तारली असून, १३० भारतात आहेत.

कोणत्या सरोवरांवर लक्ष ठेवायचे, हे उपग्रहांनी सांगितले आहे. त्यांच्या काठावर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, खालच्या गावांत रात्रीही वाजणारे भोंगे आणि ते वाजल्यावर कोणत्या उंचवट्यावर जायचे याची लोकांना असलेली माहिती, ही कामे जमिनीवरच करावी लागणार आहेत. त्यांच्याअभावी पुढच्या आपत्तीतही उपग्रहांकडून मिळेल, ती झालेल्या हानीची मोजदादच.