शेरूचं कार्ड कुठंय?

बाईकची पीयूसी कधी संपते, मोबाइलचा रिचार्ज किती तारखेला करायचा, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पण घरच्या शेरूला शेवटची लस कधी टोचली, सांगता येईल?

इंझोरीसारख्या गावात घराला नाहीतर शेताला राखण म्हणून कुत्रं असतंच. लसीचा विषय काढा, हमखास ऐकू येतं, "गावरान हाये, त्याले काय होते?"

गावरान कुत्रं काटक असतं, हे खरंय. पण रेबीजचा विषाणू जात बघत नाही. उलट शेतशिवारात मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याची गाठ इतर कुत्र्यांशी, कोल्ह्यांशी पडते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात. आणि लक्षणं दिसू लागली की वाचण्याची आशा जवळपास नसतेच.

"लहानपणी टोचली होती ना!"

एका सुईनं भागत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या पहिल्या लसीचा परिणाम कमी करू शकते. म्हणून पार्वो, डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. पुढचे बूस्टर डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या. जंताच्या औषधाचंही तसंच.

गोठ्यातलं औषध नको

बैलाच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध कुत्र्याला फासू नका. डोस वेगळा असतो, शिवाय कुत्रं अंग चाटतं आणि औषध थेट पोटात जातं.

चावलं तर?

घरचं पिल्लू असलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद-तिखट लावत बसू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिथं लस मोफत मिळते.

हे सगळं जमतं का? गोव्यानं करून दाखवलंय. तिथं गावोगाव फिरून, भटक्या कुत्र्यांनाही जाळीत पकडून लसी टोचल्या. 2021 मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. परिसरातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, पण तोवर थांबू नका. या रविवारी शेरूचं कार्ड शोधा. सापडलं नाही, तर सोमवारी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि पुढची तारीख मोबाइलमध्ये टाका.