गिअरभोवती नवं कव्हर

जूनमध्ये मुलांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून ज्याचा हात बसलाय, त्याला गाडीचा कन्सोल रॅप करणं अर्धंअधिक येतंच, असा माझा समज होता. उरलेलं शिकायला दोन रविवार, दीड मीटर फिल्म आणि अंगठ्यावर एक काप एवढा खर्च आला.

गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक. इंजिनाची तक्रार नाही, पण गिअरच्या दांड्याभोवतीचं काळं चकचकीत पॅनल बघवत नव्हतं. या चकाकीला 'पियानो ब्लॅक' असं भारदस्त नाव आहे. शोरूममध्ये ती शोभतेही. घरी आल्यावर माझ्या बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा आणि धूळ पुसायचा कोरडा फडका यांनी मिळून तिची पार रया घालवली. सकाळच्या तिरक्या उन्हात ओरखड्यांचं अख्खं जाळं दिसायचं.

म्हणून रेडियमवाल्याकडे गेले. हा आपल्याकडचा एक गमतीदार शब्द. नंबरप्लेटवरचे आकडे, रिक्षाच्या पाठीवरचा 'आईचा आशीर्वाद', दुचाकीच्या टाकीवरचे पट्टे जो कापून देतो तो रेडियमवाला. क्यूरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याशी त्याच्या मालाचा काडीचाही संबंध नाही. घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून एके काळी त्यांना खरोखरच रेडियमचा रंग लावत. तिथून तो शब्द बहुधा उजेड पडताच चमकणाऱ्या पट्ट्यांवर आला आणि मग सगळ्याच स्टिकरांना चिकटला.

मी स्वस्तातला कार्बन फायबरचा रोल उचलला, तसा त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "ताई, ही सपाट पाटीला ठीक. कन्सोलला लावाल तर उन्हात आखडेल. कास्ट घ्या."

सगळ्या कामाची मेख या एका वाक्यात आहे. दोन्ही फिल्म पीव्हीसीच्याच. वजनाच्या हिशेबात या प्लॅस्टिकचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा, आणि तो क्लोरीन मिळतो मिठापासून. मुळात हा पदार्थ कडक, नळाच्या पाइपासारखा. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी तो काही द्रवांबरोबर तापवून रबरासारखा लवचिक केला आणि मऊ व्हिनाइलचा जमाना सुरू झाला. फरक आहे तो या मऊ व्हिनाइलची फिल्म कशी करतात त्यात. स्वस्त प्रकारात गरम गोळा मोठमोठ्या रुळांमधून दाबून पातळ करतात, म्हणजे चक्क लाटतात. महागड्या कास्ट प्रकारात पातळ मिश्रण गुळगुळीत पृष्ठभागावर ओततात आणि भट्टीत भाजून काढतात. एक पोळी, दुसरं घावन.

पोळी लाटणाऱ्याला पुढचं सांगायला नको. न मुरलेली कणीक कितीही ताणून लाटा, लाटणं उचललं की ती मागे येते. लाटलेल्या व्हिनाइलमध्ये तोच ताण अडकून राहतो आणि उष्णता मिळाली की ते आपल्या मूळ मापाकडे सरकू लागतं. ओतलेल्या फिल्मला कोणी ताणलेलंच नसतं, त्यामुळे तिला मागे जायचं कारण नाही. शिवाय ती पातळ असते, साधारण ५० मायक्रॉन. लाटलेली ७० ते १०० मायक्रॉनच्या घरात जाते. पातळ असल्याने ती वळणावर कापडासारखी पडते.

आता उन्हाचं म्हणाल तर २०१८ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ३८ अंशांवरच्या उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्या तपासल्या. डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-नागपूरला पारा ४५च्या पुढे जातो, त्या उन्हात बंद गाडीत काय होत असेल याचा अंदाज बांधा. कन्सोल डॅशबोर्डपेक्षा जरा सावलीत असतो, एवढाच दिलासा.

पहिला रविवार मी वाया घालवला, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा. पॅनल बाहेर न काढता गाडीत बसूनच फिल्म लावली, कडा जागेवरच ब्लेडने कापल्या. संध्याकाळी फोटो काढून बहिणीला पाठवले. बुधवारी दुपारी गिअरजवळचा कोपरा उठला, गुरुवारी दुसरा. सोलून काढलं तर खालच्या प्लॅस्टिकवर ब्लेडच्या रेघा पडलेल्या आणि फिल्मच्या डिंकावर तेलकट मेण. तो डॅशबोर्ड पॉलिशचा प्रसाद होता. गाडी आतून चमकवायच्या बहुतेक फवाऱ्यांत सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर डिंक बसत नाही. नुसत्या ओल्या फडक्याने ते जातही नाही.

दुसऱ्या रविवारी पॅनल काढलं. वाटतं तितकं अवघड नव्हतं. बहुतेक कन्सोल क्लिपांवर बसवलेले असतात आणि एखाद-दोन स्क्रू कुठेतरी लपवलेले असतात, कधी कपहोल्डरच्या रबरी चकतीखाली, कधी गिअरच्या चामडी बुटाआड. पॅनल हलेना तर जोर करू नका, तुमच्या नजरेतून सुटलेला एक स्क्रू आत आहे. उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. स्क्रूड्रायव्हर घातला की कड दुखावते, आणि ती जखम फिल्म झाकत नाही, उलट उठवून दाखवते. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. त्याहीआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून थोडा वेळ थांबले, कारण या भागात एअरबॅगची जोडणी असू शकते. तिचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. पिवळं दिसलं की हात मागे.

एअरबॅगवरून आठवलं. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर किंवा डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर रॅप कधीही लावू नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं अशीच त्याची रचना असते. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पण डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर नेमका गणपती चिकटवायची आपली सवय गेलेली नाही. माझाही तिथेच होता. तो काढून काचेखाली मधोमध बसवला तेव्हा जुन्या जागी अकरा वर्षांपूर्वीचा गडद चौकोन उमटलेला दिसला.

पॅनल उलटं केलं आणि मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची गोष्ट सापडली. पाठीवर, दोन टोकदार कंसांत, बारीक अक्षरं कोरलेली असतात. गिअरभोवतीच्या पॅनलवर 'एबीएस' होतं. हँडब्रेकच्या बाजूच्या खरखरीत तुकड्यावर होतं 'पीपी-टीडी२०', म्हणजे वीस टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. ही अक्षरं भंगारात प्लॅस्टिक वेगवेगळं करता यावं म्हणून असतात, पण रॅप करणाऱ्याला ती पत्रिकेसारखी वाचता येतात. एबीएसवर डिंक चांगला बसतो. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे अळूचं पान. त्यावर पाण्याचा थेंब टाका, तो पसरत नाही, गोळी होऊन बसतो. ज्या पृष्ठभागावर पाणी पसरायला नाखूश, त्यावर डिंकही नाखूश. त्यातून खरखरीत पोत असेल तर फिल्म फक्त टेकाडांच्या माथ्यावर टेकते आणि मधल्या दऱ्या पोकळ राहतात. अशा ठिकाणी कडांना प्रायमरचा हलका हात द्यावा लागतो. थ्रीएमचा प्रायमर ९४ त्यासाठीच वापरतात.

स्वच्छतेला एक तास गेला आणि तो कमीच होता. आधी साबणपाणी आणि जुना टूथब्रश. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे तीन हात, दर वेळी नवा फडका. तिसरा फडका पांढरा निघाला तेव्हा थांबले. थिनर किंवा ॲसिटोनला मात्र हात लावू नका, एबीएस त्यात विरघळतं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत काही गाड्यांच्या आतला मऊ रबरी मुलामा काही वर्षांनी चिकट होतो. त्यावरही रॅप लावून चालत नाही. तो मुलामा अल्कोहोलने खरवडून पूर्ण उतरवावा, नाहीतर फिल्म त्या चिखलावर घसरत राहते. ओरखडे बारीक पॉलिशपेपरने घासून सपाट केले. ब्लेडच्या रेघा अर्थात सगळ्या गेल्या नाहीत.

मग पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, केस बांधलेले. फिल्म चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून कापली. विणीचा किंवा रेघांचा नमुना असेल तर त्याची दिशा आधी ठरवावी. शेजारच्या दोन पॅनलांवर रेघा वेगवेगळ्या दिशांना गेल्या तर ते जन्मभर डोळ्यांत खुपतं. मला हे ब्लाउजच्या कापडावरून ठाऊक होतं.

मागचा कागद सोलून फिल्म पॅनलवर अलगद सोडली, मधोमध बोटाने टेकवली. चांगल्या फिल्मच्या डिंकात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नाल्या असतात, त्यांतून हवा बाहेर निघते. म्हणून अशी फिल्म कोरडीच लावायची. काचेच्या फिल्मसारखं साबणाचं पाणी मारलंत तर ते नाल्यांत अडकून बसतं. स्क्वीजीच्या पट्टीला मऊ फेल्ट होतं. ते नसेल तर जुनं एटीएम कार्ड सुती कापडात गुंडाळून चालतं. मधून कडेकडे, एकावर एक येणारे छोटे हात.

पहिली चुणी पडली तिथे माझा हात आपोआप ओढायला गेला. पहिल्या रविवारी हेच केलं होतं. या वेळी ओढलं नाही. चुणीपर्यंतचा भाग पुन्हा उचलला आणि हेअर ड्रायर वीतभर अंतरावर धरला. फिल्म आधी मलूल झाली, चुणी थरथरली आणि डोळ्यांदेखत विरून गेली, इस्त्रीखाली मलमल सपाट व्हावी तशी. पुन्हा ठेवली, दाबली, बसली. ते पाहण्यासाठी तरी हा उद्योग एकदा करून बघावा.

कपहोल्डरसारख्या खोल खड्ड्यात फिल्म ताणून बसवायचा मोह होतो. ताणलेली जागा रंगाने फिकट दिसते आणि तापली की खड्ड्यावर तंबूसारखी उभी राहते. तिथे आतला वेगळा तुकडा लावून वरची फिल्म त्यावर तीन-चार मिलिमीटर चढवली. जोड दिसतो का? शोधलात तर दिसतो.

कड पाठीमागे किमान बोटाच्या पेराएवढी दुमडावी. कोपऱ्यात पुस्तकाच्या कव्हरासारखाच काप द्यायचा, फक्त तो कडेपर्यंत न्यायचा नाही, दोन मिलिमीटर आधी थांबायचं. पाती मोडत जायचा कटर इथे हवा आणि दर पाच-सहा कापांनंतर टोक मोडायला हवं. बोथट पातं फिल्म फाडतं. हा कटर १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी बनवला. चॉकलेटच्या वडीचे तुकडे पाडतात तशी पात्याची टोकं मोडायची कल्पना त्यांची. माझा अंगठा कापला तो जुन्या बोथट टोकाने, जोर लावताना.

शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात. सगळं बसल्यावर कडा आणि वळणं पुन्हा, या वेळी जास्त तापवायची, साधारण ९० ते ९५ अंशांपर्यंत. त्याने वळणावरचा उरलासुरला ताण मोडतो आणि फिल्म नवा आकार स्वीकारते. घरगुती ड्रायर इथे कमी पडतो, हीट गन लागते. ती मी सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी आणली आणि एका जागी न थांबवता फिरवत राहिले. पॅनल रात्रभर घरातच ठेवलं. हा डिंक वाळत नाही. दाबाने आणि वेळेने तो हळूहळू पसरतो आणि पक्की पकड घ्यायला त्याला दिवसभर तरी लागतो.

रंग मॅटच घेतला. क्रोमचा मोह झाला होता, पण दुपारचं ऊन त्यावरून थेट डोळ्यांत येतं. आतल्या रॅपची आरटीओत नोंद लागत नाही. बाहेरून अख्ख्या गाडीचा रंग बदललात तर मात्र आरसी बुकात नोंद करावी लागते. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग ठरवून दिलेला होता. तिथले टॅक्सीवाले मूळ रंगावर फिल्म लावतात आणि गाडी विकायच्या वेळी सोलून टाकतात. सोलतानाही घाई नको. गरम करत, जवळजवळ आडव्या कोनात, सावकाश ओढलं की चांगल्या फिल्मचा डिंक मागे राहत नाही. राहिलाच तर निलगिरीचं तेल आहे.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. कुंकू गिअरच्या मुठीवर लावलं, नव्या मॅट फिल्मवर लावायचा धीर झाला नाही. उरलेली फिल्म घडी न घालता गुंडाळी करून माळ्यावर ठेवली आहे. हँडब्रेकच्या बाजूचा तो पीपी-टीडी२०चा खरखरीत तुकडा अजून जुन्याच राखाडी रंगात आहे. प्रायमर मिळेपर्यंत तो तसाच राहील.